साखर १८६ असताना रक्तात आम्ल कसे वाढले?

ऐरोलीच्या एका वाचक भगिनींनी आपल्या आईच्या आजारपणाविषयी सविस्तर लिहून काही प्रश्न विचारले आहेत. आईंचे वय ६२, मधुमेह जुना, गोळ्यांवर नियंत्रणात. घरी घट बसतात आणि त्या उठता-बसता नव्हे, तर पूर्ण नऊ दिवसांचा उपवास करतात, दिवसभर पाणी आणि रात्री थोडे दूध-फळ. सहाव्या माळेला त्या टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनासाठी ठाण्याला जाऊन रांगेत बराच वेळ उभ्या राहिल्या. रात्री उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले आणि पहाटे धाप लागली. घरच्या यंत्रावर साखर १८६ आली, म्हणून सर्वांना हायसे वाटले. जवळच्या एका दवाखान्यात 'उपवासाची ॲसिडिटी' म्हणून पित्ताचे इंजेक्शन दिले गेले. दुपारी त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि नातेवाइकांना सांगण्यात आले, की रक्तात आम्ल फार वाढले आहे, हा कीटोॲसिडोसिस, म्हणजे चरबी जळताना तयार होणाऱ्या कीटोन आम्लांचा अतिरेक आहे.

आपण पाठवलेल्या अहवालांतील आकडे असे आहेत: सामू म्हणजे पीएच ७.१६, कार्बन डायऑक्साइडचा दाब २० मिलिमीटर, बायकार्बोनेट ७, सोडियम १३४, क्लोराइड ९७, पोटॅशियम ५.४, लॅक्टेट १.६, अल्ब्युमिन ४, लघवीत साखर चार प्लस आणि कीटोन भरपूर. आपले प्रश्न थोडक्यात असे, की साखर दोनशेच्या आत असताना हे झालेच कसे, फुप्फुसे स्वच्छ असताना धाप का लागली, आम्ल वाढले असताना सोड्याचे इंजेक्शन का दिले नाही आणि उलट मधुमेही व्यक्तीला ग्लुकोजचे सलाईन का लावले, दुसऱ्या दिवशीही अहवालात 'ॲसिडोसिस' का होता, आणि सोसायटीतील एका गृहस्थांनी सुचवलेले अल्कलाइन पाण्याचे यंत्र घ्यावे का. ठाण्यात अतिदक्षता विभागात काम करणारा फिजिशियन म्हणून हे प्रश्न मला नेहमी ऐकू येतात, म्हणून उत्तर थोडे लांबले तरी चालेल असे समजतो.

प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. जठरातील ॲसिडिटी आणि रक्तातील ॲसिडोसिस यांचा एकमेकांशी जवळजवळ काहीही संबंध नाही. जठरात सामू २ च्या आसपास असतो आणि तो तसाच असावा लागतो. रक्तात मात्र तो ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातच राहतो. ७.४ या सामूला एक लिटर रक्तद्रवात हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लपणा ठरवणारे भारित कण, फक्त ४० नॅनोमोल असतात, म्हणजे सोडियमच्या तुलनेत सुमारे ३५ लाख पटींनी कमी. इतकी सूक्ष्म मात्रा शरीर इतक्या काटेकोरपणे सांभाळते, कारण जवळजवळ प्रत्येक एन्झाइमचा आकार आणि काम तिच्यावर अवलंबून असते. सामूची मोजपट्टी लॉगरिदमिक असल्यामुळे तिच्यावरील छोटा फरक फसवा ठरतो. ७.४ चे ७.१ झाले, की हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. आपल्या आईंच्या ७.१६ चा अर्थ सुमारे ६९ नॅनोमोल असा होतो. ही मोजपट्टी १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, ती रुग्णालयासाठी नव्हे, एन्झाइमच्या अभ्यासासाठी. रुग्णाच्या खाटेजवळ विचार करताना मी तरी मनात तिचे पुन्हा नॅनोमोलमध्ये रूपांतर करून घेतो.

निरोगी शरीरात रोज सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात मिसळून कार्बोनिक आम्ल बनवतो आणि फुप्फुसे तो बाहेर टाकतात. याशिवाय अन्नातील प्रथिनांपासून दर किलो वजनामागे साधारण एक मिलिमोल असे आम्ल तयार होते, जे श्वासावाटे जाऊ शकत नाही. ते मूत्रपिंडांनाच बाहेर काढावे लागते. या दोहोंमध्ये बायकार्बोनेट उभे असते आणि येणाऱ्या आम्लाला तत्काळ निष्प्रभ करते. फुप्फुसांचा प्रतिसाद मिनिटांत मिळतो, मूत्रपिंडांचा पूर्ण प्रतिसाद यायला तीन ते पाच दिवस लागतात. हा वेगातील फरक लक्षात ठेवावा, कारण आजार कालचा आहे की महिन्याभराचा, हे पुष्कळदा त्यावरूनच ओळखता येते.

आता आईंचा अहवाल वाचू. सामू कमी आहे, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकले आहे. बायकार्बोनेट २४ वरून ७ वर आले आहे, म्हणजे मूळ बिघाड श्वसनाचा नसून चयापचयाचा आहे. कार्बन डायऑक्साइड ४० ऐवजी २० आहे. आपल्याला हा आकडा खटकला आणि 'ऑक्सिजन उत्तम असताना हा वायू कमी का' असे आपण विचारले, ते योग्यच आहे. रक्तात आम्ल वाढले, की मेंदूतील श्वसनकेंद्र श्वास खोल आणि जलद करते, जेणेकरून निदान कार्बन डायऑक्साइडच्या रूपातील आम्ल तरी बाहेर पडावे. जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७४ मध्ये मधुमेही रुग्णांतील या श्वासाचे वर्णन केले आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दम्याच्या रुग्णाची धाप वेगळी दिसते. त्याला श्वास सोडायला त्रास होतो, छातीत घरघर ऐकू येते, तो बसून पुढे झुकलेला असतो. कुसमाउल श्वास घेणारा रुग्ण आडवा पडूनही तोंड उघडे ठेवून, छाती आणि पोट दोन्ही उचलत, एका लयीत खोल श्वास घेत राहतो. स्टेथोस्कोपने छाती स्वच्छ ऐकू येते आणि बोटावरचे ऑक्सिमीटर ९९ दाखवते. मधुमेही रुग्णाला स्वच्छ छाती आणि ९९ ऑक्सिजनसह धाप लागली असेल, तर मी फुप्फुसांचा नव्हे, आम्लाचा विचार आधी करतो. श्वासाला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येतो, पण तो प्रत्येकाला ओळखता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

फुप्फुसांनी किती भरपाई करायला हवी, याचे एक व्यवहारोपयोगी सूत्र आहे. बायकार्बोनेटची दीडपट करून त्यात ८ मिळवायचे, आलेला आकडा दोन कमी-अधिक धरायचा. ७ ची दीडपट साडेदहा, अधिक ८ म्हणजे साडेअठरा. कार्बन डायऑक्साइड साडेसोळा ते साडेवीस या दरम्यान असायला हवा, आणि तो २० आहे. याचा अर्थ आईंची फुप्फुसे आपले काम चोख करत होती. तोच आकडा ३२ असता, तर सामू आणखी घसरला असता आणि मी त्याचा अर्थ रुग्ण श्वास घेऊन थकला आहे किंवा न्यूमोनियासारखा दुसरा आजार सोबत आहे, असा लावला असता. अशा रुग्णाची धाप 'कमी झाली' म्हणून नातेवाइकांना बरे वाटते, तेव्हाच आम्ही व्हेंटिलेटर तयार ठेवतो. उलट घाईने झोपेचे औषध देऊन हा श्वास शांत करणे प्राणघातक ठरू शकते, कारण त्या क्षणी रुग्णाला जिवंत ठेवणारी तीच एक गोष्ट असते.

यापुढची पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि दुर्दैवाने घाईत तीच गाळली जाते. रक्तात धन आणि ऋण विद्युतभार नेहमी समसमान असतात. जमाखर्चाच्या वहीप्रमाणे दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात. आपण मोजतो तो मुख्य धन आयन सोडियम, आणि मुख्य ऋण आयन क्लोराइड व बायकार्बोनेट. सोडियममधून या दोघांची बेरीज वजा केली, की न मोजलेल्या ऋण आयनांची तफावत उरते, तिला अनायन गॅप म्हणतात. ती साधारणपणे ८ ते १२ असते. आईंच्या बाबतीत १३४ मधून १०४ वजा केल्यास ३० उरतात, म्हणजे कुठले तरी परके आम्ल रक्तात आले आहे. लॅक्टेट १.६ म्हणजे सामान्य, त्यामुळे ते लॅक्टिक आम्ल नाही. अशी तफावत वाढवणारे मूत्रपिंड निकामी होणे आणि विषबाधा हे पर्याय उरतात, पण लघवीत भरपूर कीटोन असल्यामुळे उत्तर समोरच होते. शिवाय गॅप नेहमीपेक्षा १८ ने वाढली आणि बायकार्बोनेट १७ ने उतरले, हे दोन्ही जवळजवळ सारखे आहेत, म्हणून बिघाड एकच आहे, त्यामागे दुसरा लपलेला नाही, असे खात्रीने म्हणता येते. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिनही ऋणभारित असल्याने ते कमी असेल, तर दर एक ग्रॅम घटीमागे गॅपमध्ये अडीच मिळवावे लागतात. कुपोषित किंवा यकृताच्या रुग्णात हे विसरले, तर मोठा बिघाड 'नॉर्मल' दिसतो.

या तफावतीचे महत्त्व आपल्या परिसराला कडू अनुभवातून ठाऊक आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते आणि तेच दृष्टी व प्राण घेते. दारू प्यायलेला माणूस धापा टाकत, डोळ्यांपुढे अंधुक दिसते म्हणत आला आणि त्याची गॅप मोठी असून लॅक्टेट व कीटोन तिचा हिशेब देत नसतील, तर विषाच्या प्रयोगशाळा अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात.

आता आपला मुख्य प्रश्न, साखर १८६ असताना हे कसे. आपण पाठवलेल्या औषधांच्या यादीत डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित गोळी आहे. 'ग्लिफ्लोझिन' हा शेवट असलेली औषधे, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन आणि भारतात मिळणारे रेमोग्लिफ्लोझिन, मूत्रपिंडांना रक्तातील साखर लघवीत सोडायला लावतात. हृदय निकामी होण्याच्या आजारात आणि मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी ती खरोखरच गुणकारी आहेत. २०२० च्या अखेरीस भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि ती स्वस्त झाली, त्यामुळे आज असंख्य घरांत ती घेतली जातात. मी स्वतः ती नियमित लिहून देतो. परंतु ती साखर लघवीत ओतत असल्यामुळे रक्तातील साखर खाली राहते, परिणामी इन्सुलिनची पातळीही उतरते आणि त्याच्या उलट काम करणारे ग्लुकॅगॉन हे संप्रेरक वाढते. त्यातच पाच-सहा दिवसांचा उपवास म्हणजे पिष्टमय पदार्थ बंद. शरीर इंधनासाठी चरबी जाळू लागते आणि यकृत त्या चरबीपासून कीटोन आम्ले तयार करते. इन्सुलिन पुरेसे असेल तर ते या प्रक्रियेला लगाम घालते, येथे तोच सैल झालेला असतो. उन्हात रांगेत उभे राहून शरीर कोरडे पडले, मग उलट्यांमुळे पाणीही पोटात राहीना, आणि काही तासांत तोल ढासळला.

नेहमीच्या कीटोॲसिडोसिसमध्ये साखर तीनशे-चारशेच्या पुढे असते आणि तीच धोक्याची घंटा वाजवते. या औषधांवरील रुग्णात साखर दोनशेच्या आत राहूनही आम्ल तितकेच वाढू शकते. म्हणून ग्लुकोमीटर पाहून निर्धास्त होणे हीच येथे खरी अडचण होते, घरच्यांची आणि काही वेळा डॉक्टरांचीही. लघवीत साखर चार प्लस आणि रक्तात १८६ ही जोडी मात्र लगेच औषधाकडे बोट दाखवते. गोळी बंद केल्यावरही लघवीतील साखर काही दिवस चालूच राहते, त्यामुळे 'गोळी तर परवाच थांबवली होती' हे उत्तर निदान वगळायला पुरत नाही.

उपचारातील जी गोष्ट आपल्याला उलटी वाटली, ती याच कारणाने सुलटी आहे. या आजारात उपाय साखर उतरवण्याचा नसतो, कीटोन थांबवण्याचा असतो, आणि ते काम इन्सुलिनचे. ते दर किलो वजनामागे ताशी ०.१ युनिट या मानाने शिरेतून दिले जाते. मुळात १८६ असलेली साखर त्याने झपाट्याने खाली जाईल, म्हणून इन्सुलिन चालू ठेवता यावे यासाठी सुरुवातीपासूनच ग्लुकोज दिले जाते. साखर उतरली म्हणून इन्सुलिन थांबवले, तर कीटोन पुन्हा डोके वर काढतात. पोटॅशियम ५.४ दिसत असले तरी शरीरातील एकूण साठा कमीच असतो. इन्सुलिन सुरू होताच ते पेशींत शिरते आणि रक्तातील पातळी कोसळते. आईंचे पोटॅशियम रात्री ३.६ झाल्याचे आपण लिहिले आहे, ते अपेक्षितच होते आणि त्यासाठीच सलाईनमध्ये पोटॅशियम घातले जाते. सुरुवातीलाच ते ३.५ च्या खाली असते, तर आधी पोटॅशियम आणि मगच इन्सुलिन, असा क्रम ठेवावा लागतो.

सोड्याचे, म्हणजे बायकार्बोनेटचे इंजेक्शन न देणे हा हलगर्जीपणा नव्हता. कीटोन आम्ले इन्सुलिन मिळाल्यावर जळतात आणि त्यांतून शरीर स्वतःच बायकार्बोनेट परत तयार करते. बाहेरून बायकार्बोनेट ओतले, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो फुप्फुसांना आणखी काढावा लागतो आणि पोटॅशियम अधिकच घसरते. म्हणून सामू ६.९ ते ७.० च्या खाली गेला, तरच मोजून-मापून ते देण्याचा विचार होतो. ७.१६ ही त्या मर्यादेच्या वरची पातळी आहे. आकडा सुधारणे आणि रुग्ण सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नातेवाइकांना समजावताना मला दरवेळी वेळ काढावा लागतो, आणि तो काढायलाच हवा.

दुसऱ्या दिवशीचा अहवाल आपल्याला अधिक घाबरवून गेला असे दिसते. सामू ७.३२, कार्बन डायऑक्साइड ३४, बायकार्बोनेट १७, सोडियम १३९, क्लोराइड ११२, आणि खाली यंत्राने छापलेले 'मेटाबॉलिक ॲसिडोसिस'. येथे गॅप पुन्हा काढून पाहा. १३९ मधून ११२ आणि १७ वजा केल्यावर १० उरतात, म्हणजे परके आम्ल गेलेले आहे. जो ॲसिडोसिस उरला तो क्लोराइडचा. नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये १५४ मिलिमोल क्लोराइड असते, रक्तात ते १०० च्या आसपास असते. कोरडे पडलेले शरीर भरून काढताना दिलेल्या अनेक लिटर सलाईनने क्लोराइड वाढते आणि बायकार्बोनेट तितके मागे हटते. त्यात भर अशी, की काही कीटोन जळण्याआधीच लघवीतून निघून गेलेले असतात, त्यांच्यापासून मिळू शकणारे बायकार्बोनेटही त्यांच्याबरोबर जाते. मूत्रपिंडे चांगली असल्यास हे एक-दोन दिवसांत आपोआप भरून येते. दोन्ही अहवालांवर यंत्र एकच शब्द छापते, पण पहिल्याला जिवाचा धोका म्हणायचे आणि दुसऱ्याला बरे होण्याची खूण. गॅप काढल्याशिवाय हा फरक कुणालाही दिसणार नाही. त्याच दिवशी लघवीतील कीटोन 'वाढलेले' दिसल्याचे आपण लिहिले आहे, तेही फसवे आहे. लघवीची पट्टी कीटोनांपैकी फक्त ॲसिटोॲसिटेट ओळखते. आजाराच्या शिखरावर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा दुसरा कीटोन अधिक असतो, तो पट्टीला दिसत नाही, आणि बरे होताना त्याचे ॲसिटोॲसिटेट होते, म्हणून पट्टी अधिकच गडद होते.

हा तपास कसा केला जातो, त्याबद्दलही दोन शब्द. मनगटातील धमनीतून हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध लावलेल्या सिरिंजमध्ये रक्त घेतले जाते, आणि ते शिरेतून घेण्यापेक्षा निश्चितच जास्त दुखते. सिरिंजमधील हवेचा बुडबुडा लगेच काढला नाही, तर कार्बन डायऑक्साइड खोटा कमी दिसतो. नमुना उशिरा यंत्रात गेला, तर रक्तपेशी मधल्या वेळेत साखर जाळत राहतात आणि सामू उतरतो. छोट्या नर्सिंग होममधून नमुना दुचाकीवर दूरच्या प्रयोगशाळेत जातो आणि घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत अडकतो, तेव्हा आलेल्या अहवालाकडे मी संशयानेच पाहतो. केवळ सामू आणि बायकार्बोनेट हवे असतील, तर शिरेतील रक्तही बहुतेक वेळा पुरते. त्यातील सामू धमनीपेक्षा जेमतेम ०.०३ ने कमी असतो, त्यामुळे वारंवार मनगट टोचणे टाळता येते.

इतर बिघाडांविषयी आपण विचारलेले नाही, तरी ज्यांच्याशी घरोघरी गाठ पडते त्यांचा उल्लेख करतो. पावसाळ्यात जुलाबांचे रुग्ण वाढतात. जुलाबांतून बायकार्बोनेट थेट वाहून जाते, म्हणून ॲसिडोसिस होतो पण गॅप वाढत नाही. ओआरएसमध्ये सायट्रेट असते ते याचसाठी, यकृत त्याचे बायकार्बोनेट करते. सतत उलट्या झाल्यास जठरातील आम्ल आणि क्लोराइड जाते व रक्त उलट दिशेला, अल्कलोसिसकडे झुकते. जे सलाईन वर क्लोराइड वाढवते म्हणून खटकले, तेच येथे औषध ठरते. ठाणे स्थानकाच्या गर्दीत घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या तरुणाची बोटे वळतात, ओठांना मुंग्या येतात. कार्बन डायऑक्साइड उडून गेल्याने सामू चढतो आणि रक्तातील मुक्त कॅल्शियम घटते, त्याचा हा परिणाम असतो. नाकावर कागदी पिशवी धरण्याचा जुना सल्ला मात्र सोडून द्यावा, कारण त्याच धापेमागे हृदयविकार किंवा वर सांगितलेले आम्ल असेल, तर त्या पिशवीने जीव जाऊ शकतो.

जुन्या धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मूत्रपिंडे काही दिवसांत बायकार्बोनेट वाढवून त्याची भरपाई करतात. अशा वेळी फक्त बायकार्बोनेट मोजले, तर निदान उलटे होते. १९५२ च्या कोपनहेगनच्या पोलिओ साथीत नेमके हेच घडले. ब्लेगदम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांत बायकार्बोनेट वाढलेले दिसे आणि तो अनाकलनीय अल्कलोसिस समजला जाई. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी हा साचलेला कार्बन डायऑक्साइड आहे असे सांगितले, २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत तिला श्वास दिला, आणि पुढे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने महिनोन्‌महिने असा श्वास देऊन अनेकांना वाचवले. आजचा अतिदक्षता विभाग त्या एका आकड्याच्या योग्य वाचनातून उभा राहिला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सामू नॉर्मल असला म्हणजे सारे ठीक, असेही समजू नये. डायलिसिसवरील एखाद्या रुग्णाला दोन दिवस उलट्या झाल्या, तर सामू ७.४०, कार्बन डायऑक्साइड ४०, बायकार्बोनेट २४ असा देखणा अहवाल येऊ शकतो. पण सोडियम १४० आणि क्लोराइड ८८ असेल, तर गॅप २८ होते. मूत्रपिंडांचे आम्ल आणि उलट्यांचा अल्कलोसिस यांनी एकमेकांना झाकलेले असते आणि रुग्ण दोन आजारांनी आजारी असतो.

अल्कलाइन पाण्याच्या यंत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे, घेऊ नका. केवळ सामू ९ असलेल्या शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये आम्ल निष्प्रभ करणारे हायड्रॉक्सिल आयन सुमारे ०.०१ मिलिमोल असतात. शरीर रोज त्याच्या हजारो पट आम्ल बनवते आणि बाहेरही टाकते. ते पाणी जठरात पोहोचताच तेथील आम्लात विरून जाते. खाण्याचा सोडा चमचा-चमचा घेण्याचा घरगुती उपायही करू नये, त्यातील सोडियम रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णाला जड जाते. जुन्या मूत्रपिंडविकारात बायकार्बोनेट उतरल्यावर डॉक्टर त्याच्या गोळ्या देतात, तो मोजून दिलेला आणि रक्त तपासून बदललेला उपचार आहे.

पुढे काय करावे, हे सांगून थांबतो. एकदा असा कीटोॲसिडोसिस झालेल्या व्यक्तीला ग्लिफ्लोझिन गटाची गोळी सामान्यतः पुन्हा सुरू केली जात नाही, आणि आईंच्या बाबतीतही ती करू नये असे मला वाटते. एकत्रित गोळ्यांच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत भलतेच ब्रँडनाव असते, म्हणून खालच्या बारीक अक्षरांतील घटक वाचून घरातील उरलेल्या पट्ट्या बाजूला काढा आणि डिस्चार्ज कार्डावर हा अनुभव ठळक लिहून घ्या. घरात इतर कुणी ही औषधे घेत असेल, तर त्यांनी ती मनाने बंद करू नयेत, मात्र मोठ्या उपवासाआधी डॉक्टरांना विचारून थांबवावीत. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ती किमान तीन दिवस थांबवतात. उलट्या, जुलाब किंवा तापात जेवण बंद झाले, की गोळी त्याच दिवशी थांबवायची आणि साखर कितीही चांगली दिसली तरी मळमळ, पोटदुखी किंवा धाप असेल तर कीटोन तपासायला जायचे. तसेच घरी आल्यावर काही आठवड्यांनी आईंचे सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते याची खूण) आणि जीएडी प्रतिपिंड (शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर हल्ला करत असल्याची खूण) तपासून घ्या. काही प्रौढांचा मधुमेह वर्षानुवर्षे टाइप २ म्हणून चालतो, पण प्रत्यक्षात स्वादुपिंडातील इन्सुलिन हळूहळू संपत आलेले असते. तसे निघाले, तर गोळ्यांऐवजी इन्सुलिन हाच उपचार ठरेल आणि नऊ दिवसांचा उपवास कसा धरायचा, याचा निर्णयही त्या अहवालानंतरच घ्यावा लागेल.